वाचक विचारतात: ट्रम्पेट, स्टुडिओची शिफ्ट आणि रेकॉर्ड प्रोड्यूसरची खुर्ची

ब्रिटनमध्ये ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी फुंकवाद्यं, वाजवणारे सेशन वादक म्हणून सुरुवात करून पुढे रेकॉर्ड प्रोड्यूसर होणाऱ्यांवर मागच्या अंकात लेख आला होता. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगा बारावीत आहे. शाळेच्या बँडपासून ट्रम्पेट वाजवतो आणि आता ‘लंडनच्या सेशन वादकासारखं करिअर करायचं’ म्हणतो. हे काम नेमकं असतं कसं? त्याने आत्ता काय शिकावं? (कोपरी, ठाणे)

सेशन वादक कुठल्याही एका बँडचा नसतो. बोलावणं आलं की स्टुडिओत जायचं, समोर ठेवलेला कागद वाजवायचा आणि निघायचं. सकाळी एखाद्या गायकाचं गाणं, दुपारी जाहिरातीची वीस सेकंदं, रात्री सिनेमाचं पार्श्वसंगीत. लंडनमध्ये वादक जमवणाऱ्याला फिक्सर म्हणतात. आपल्याकडे हेच काम म्युझिक को-ऑर्डिनेटर करतो. तिथली शिफ्ट तीन तासांची असते आणि वेळा ठरलेल्या असतात: १० ते १, २ ते ५, ७ ते १०. रेकॉर्ड कंपन्यांची संघटना बीपीआय आणि म्युझिशियन्स युनियन (ही १८९३ साली मँचेस्टरमध्ये सुरू झाली) यांच्यात करार आहे. त्यानुसार तीन तासांच्या एका शिफ्टमधून जास्तीत जास्त २० मिनिटांचं संगीत वापरता येतं. म्हणजे कागद आधी घरी येत नाही, तालीम नसते. एकदा वाचून वाजवायचं आणि दुसऱ्या खेपेला टेक, म्हणजे पक्कं रेकॉर्डिंग.

ही तयारी येते ब्रास बँडमधून. गिरण्या, खाणी अशा ठिकाणी उभे राहिलेले हे बँड १८५३ पासून मँचेस्टरच्या बेल व्ह्यूमध्ये एकमेकांशी स्पर्धा करू लागले. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचेही बँड होते. ट्रॉम्बोनचे दिग्गज डॉन लशर साल्व्हेशन आर्मीच्या बँडमधून आले. रेडिंगचे डेरेक वॉटकिन्स लहानपणी कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखंच आखूड वाद्य) शिकले आणि १९६२ च्या पहिल्या जेम्स बाँड चित्रपटापासून २०१२ च्या ‘स्कायफॉल’पर्यंत प्रत्येक बाँडपटाच्या ध्वनिमुद्रणात त्यांचा ट्रम्पेट आहे. पन्नास वर्षं एका माणसाला पुन्हा पुन्हा बोलावतात ते केवळ वरचे सूर लागतात म्हणून नव्हे. लीड ट्रम्पेटवाला सूर किती लांबवतो, कुठे तोडतो, आघात किती ठेवतो, त्यावर मागचे सगळे वादक आपलं वाजवणं बेततात. लीड डळमळला की अख्खं सेक्शन डळमळतं.

मुलाने रोज पंधरा मिनिटं कधीही न पाहिलेला कागद वाजवावा. क्लिक (लयीची टिकटिक) लावून, न थांबता, चुकलं तरी पुढे जात. तोच कागद पुन्हा वाजवला की ते वाचन राहत नाही, पाठांतर होतं. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, पक्कं हवं. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा त्यासाठी शिस्त म्हणून चांगल्या. एबीआरएसएममध्ये सहाव्या ग्रेडपुढे जायला पाचव्या ग्रेडची थिअरी आधी उत्तीर्ण व्हावी लागते, तेव्हा ती मागे टाकू नये. दुसरं वाद्य म्हणून फ्लुगलहॉर्न (ट्रम्पेटसारखंच, पण मऊ आवाजाचं) घ्यावं. बोटं तीच, पण माउथपीस वेगळा, त्यामुळे सवयीला काही महिने द्यावे लागतात.

वाद्यांचा संच मोठा असण्याचा फायदा किती, याचं गाजलेलं उदाहरण डेव्हिड मेसन यांचं. बाखचा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो वाजवताना पॉल मॅकार्टनीने त्यांना टीव्हीवर पाहिलं आणि १७ जानेवारी १९६७ रोजी बीटल्सच्या ‘पेनी लेन’साठी बोलावून घेतलं. मेसन बरेच ट्रम्पेट घेऊन गेले, त्यातला पिकोलो ट्रम्पेट (छोटा, वरच्या सुरांचा) निवडला गेला. मॅकार्टनी सूर गाऊन दाखवत होता, बीटल्सचे प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन ते कागदावर उतरवत होते आणि मेसन वाजवत होते.

एक गोष्ट पालक म्हणून लक्षात घ्या. मुंबईत आज बरंचसं ब्रास कीबोर्डमधल्या सॅम्पलवर (आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या सुरांवर) भागवलं जातं. खरा ट्रम्पेट बोलावतात तो सोलोसाठी किंवा सॅम्पलवर एक खरा थर चढवण्यासाठी. पदवीचं शिक्षण सोडून फक्त याच्या भरवशावर राहावं, असं आम्ही सांगणार नाही.

मी वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. पहिल्यांदाच स्टुडिओत बोलावलं. अरेंजर म्हणाले ‘काळी एक’, मी तीच पट्टी धरली तर सगळं बेसूर. शिवाय ‘शार्प जातोय’ (सूर वर चढतोय) असंही ऐकावं लागलं. (कळवा)

तुमचा ट्रम्पेट बी-फ्लॅटचा आहे. तुम्ही पांढरी एक समजून जो सूर वाजवता, तो हार्मोनियमवर काळी पाच निघतो, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली. वरातीत सगळी गाणी बँडच्या सोयीच्या पट्टीत बसवलेली असतात, म्हणून हे कधी जाणवत नाही. स्टुडिओत पट्टी गायिकेची असते. हिशेब सोपा: सांगितलेल्या पट्टीच्या एक पूर्ण स्वर वर वाजवा. काळी एक सांगितली तर तुमची काळी दोन; पांढरी चार असेल तर पांढरी पाच; काळी चार असेल तर काळी पाच. काळी पाच सांगितली तर नशीब चांगलं, तुमची पांढरी एक. त्रास देते ती पांढरी तीन: ती तुमच्याकडे काळी तीन होते आणि कागदावर सहा शार्पच्या खुणा येतात. पांढरी सहाची पांढरी सात होते, तिथे पाच. या दोन पट्ट्यांचे आरोह-अवरोह रोज घासून ठेवा. गिटारवाले संगीतकार नेमक्या याच पट्ट्या धरतात. कागद हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा: ‘हा कॉन्सर्ट पिचमध्ये (हार्मोनियमच्या सुरांत) लिहिलाय की ट्रम्पेटसाठी?’ हे विचारण्यात कमीपणा काही नाही, उलट नवखा वादक विचारत नाही म्हणूनच पहिला टेक वाया जातो. ट्रॉम्बोनवाल्याला मात्र बास क्लेफमध्ये जसाच्या तसा कागद चालतो.

आता ‘शार्प’चं. ट्रम्पेटची नळी साधारण १४८ सेंटिमीटर. ट्यूनिंग स्लाइड एक सेंटिमीटर बाहेर ओढली की दोन्ही बाजू मिळून नळी दोन सेंटिमीटर वाढते आणि सूर २३ सेंटच्या (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) आसपास उतरतो, म्हणजे जवळपास पाव सेमीटोन. त्यामुळे स्लाइड मिलिमीटरनेच हलवा. ओठ गरम होण्याआधी सूर लावू नका. एसीत वाद्य थंड असतं तेव्हा सूर उतरलेला असतो, वादक स्लाइड आत ढकलतो आणि दहा मिनिटांनी वाद्य तापलं की शार्प जायला लागतो. न वाजवता नुसती गरम हवा नळीत फुंका, दहा मिनिटं हळू वाजवा, मग सूर लावा.

दुसरं कारण यंत्रातच आहे. पहिला आणि तिसरा वॉल्व्ह एकत्र, किंवा तिन्ही एकत्र दाबले की सूर वर जातो. प्रत्येक वॉल्व्हची जादा नळी एकटीने वापरायला मोजून कापलेली असते. आधीच लांब झालेल्या नळीला ती पुरत नाही. म्हणून तिसऱ्या वॉल्व्हच्या स्लाइडला कडी असते. खालचे डी आणि सी-शार्प आले की डाव्या हाताच्या अनामिकेने ती पुढे सरकवायची, सी-शार्पला जास्त. तुमच्या वाद्याची ही स्लाइड गंजून बसली असेल तर आधी ती सोडवून घ्या.

आणि जोर कमी करा. रस्त्यावर जनरेटर आणि फटाक्यांवर मात करायची असते. माइकला त्याची गरज नाही. पाय आपटून ताल धरायची सवय असेल तर चपला बाहेर काढून बसा. साचलेलं पाणी दोन टेकच्या मध्ये काढा, टेकमध्ये गुळगुळ ऐकू येते.

खारघरच्या फ्लॅटमधल्या खोलीत (१० बाय १२ फूट, छत साडेनऊ फुटांवर) छोटा स्टुडिओ केला आहे. आवाज आणि गिटार छान येतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्स घेतले की एकतर कानठळ्या बसतात नाहीतर खेळण्यातला भोंगा वाटतो. (खारघर)

तुम्ही बहुधा गायकासाठीचा कंडेन्सर माइक भोंग्याच्या तोंडासमोर फूटभरावर लावत आहात. ट्रम्पेटचे वरचे हार्मोनिक्स भोंग्यातून टॉर्चसारखे सरळ पुढे जातात, तिथेच माइक ठेवला तर तेवढेच मिळणार. माइक ९० सेंटिमीटर लांब न्या आणि भोंग्याच्या रेषेपासून २० ते ३० अंश बाजूला ठेवा. माइकवर पॅड (मोठा आवाज कमी करून घेणारं बटण) असेल तर लावा. २४ बिटवर घेत असाल तर सर्वांत जोराची जागा वाजवून घ्या आणि शिखर उणे १० डीबीच्या आसपास ठेवा. वादक खऱ्या टेकला नेहमी तालमीपेक्षा जोरात वाजवतो.

ब्रासला रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) मानवतो. बीबीसीने विकसित केलेला कोल्स ४०३८ ब्रिटिश स्टुडिओंत ब्रासवर कित्येक दशकं वापरात आहे. वरच्या पट्ट्यातला चरचरीतपणा तो गोल करून घेतो. त्याच्या किमतीत खोलीचं निम्मं सामान येईल, तेव्हा स्वस्त रिबन किंवा ट्रॉम्बोनसाठी सेनहायजर ४२१ घेतला तरी काम भागतं. रिबन मागूनही तेवढंच ऐकतो, म्हणून त्याच्या पाठीमागे रिकामी भिंत नको, जाड रजई किंवा चार इंची रॉकवूलचा पॅनल हवा. जुन्या रिबनला चुकूनही फँटम पॉवर (केबलमधून माइकला जाणारी वीज) देऊ नका. केबल सदोष असेल तर आतली धातूची पट्टी तुटते. साडेनऊ फुटांचं छत ही तुमची खरी अडचण आहे. वादकाच्या डोक्यावर पॅनल टांगा आणि त्याला खोलीच्या मधोमध उभं करू नका. लांब बाजूच्या एका टोकाला, भोंगा खोलीच्या लांबीच्या दिशेने.

गोड, मऊ ब्रास हवं असेल तर ते ईक्यूने (आवाजातले पट्टे कमी-जास्त करून) मिळत नाही. जोरात फुंकलं की नळीतली ध्वनिलहर पुढे जाता जाता धारदार होत जाते, ब्रासचा तो झणझणीतपणा तिथेच तयार होतो. फेडर (आवाजाची पातळी) खाली केला तरी तो कमी आवाजातला झणझणीतपणाच राहतो. वादकाला हळू वाजवायला सांगा किंवा फ्लुगलहॉर्न मागा. त्याची नळी बरीचशी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून आवाज मुळातच गोल. एवढं करून उरलेला त्रास २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये दोन-तीन डीबी कमी करून जातो.

तिघांकडून मोठं सेक्शन करायचं तर दुसरा थर (पहिल्या रेकॉर्डिंगवर पुन्हा वाजवून) घ्यावा लागतो आणि बहुतेक घरगुती स्टुडिओ इथे फसतात. तोच माणूस, तीच जागा, तोच माइक, तोच स्वर असा थर चढवला की आवाज मोठा न होता पोकळ होतो. दुसऱ्या थराला वादकांची जागा आणि स्वर अदलाबदल करा, माइक अर्धा मीटर मागे घ्या, शक्य असेल तर माउथपीस बदला. आणि टेकच्या वेळी आवाज नको म्हणून तुम्ही एसी बंद करत असाल, तर हे वाचाच. खोली एक अंश तापली की ब्रासचा सूर सुमारे ३ सेंट चढू शकतो. पहिला थर २३ अंशांना आणि शेवटचा २९ अंशांना घेतला तर १५-१८ सेंटपर्यंत फरक पडतो. वादकाच्या श्वासाने नळी आधीच गरम असते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी पडेल, पण दोन थर एकमेकांना खाजवायला तेवढा पुरे. प्रत्येक टेकनंतर एसी चालू करा आणि थर्मामीटर भिंतीवर लावा. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे.

हेडफोन एका कानावरच ठेवू द्या. दोन्ही कान बंद असले की वादकाला स्वतःचा सूर हाडांतून ऐकू येतो, आणि मग त्याचा अंदाज चुकतो.

कागदावर सुराची सुरुवात सगळे लिहितात, शेवट लिहीत नाहीत. ‘चौथ्या मात्रेवर तोडा’ असं प्रत्येक लांब सुरावर लिहा. तिघांनी तीन वेगवेगळ्या क्षणी सूर सोडला की मिक्समध्ये ते कशानेही झाकत नाही. कीबोर्डवर रचलेल्या ओळीत श्वासाला जागा नसते, तीही सोडा. वरच्या सुरांची गाणी ओठ तापल्यावर पहिल्या दीड तासात घ्या. तिसऱ्या तासाला ओठ सुजलेले असतात, तेव्हा चौथा-पाचवा टेक मागून काही चांगलं हाती लागत नाही.

ऐरोलीत चौथ्या मजल्यावर राहते. ट्रम्पेटचा सराव कसा करू? सोसायटीचं पत्र आलं आहे. (ऐरोली)

कायद्याने निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ शांततेची, पण दिवसाची मर्यादाही ५५ डेसिबलच आहे, म्हणजे मोकळा ट्रम्पेट कोणत्याही वेळी त्यात बसत नाही. प्रॅक्टिस म्यूट (भोंग्यात बसवायचं, आवाज दाबणारं बूच) घ्या. त्याने सूर थोडा चढतो आणि फुंकताना उलटा दाब येतो, म्हणून ट्यूनर समोर ठेवा आणि सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त म्यूटवर वाजवू नका. ओठांना चुकीच्या दाबाची सवय लागते. म्यूट नसेल तेव्हा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यात भोंगा करून वाजवा. बाल्कनीकडे पाठ. आठवड्यातून दोनदा मात्र मोकळं वाजवायला जागा हवीच. शाळेचा हॉल किंवा तालमीची खोली तासावर मिळते. सोसायटीला वेळ लेखी कळवली तर निम्मी भांडणं मिटतात.

एका गाण्यात ट्रम्पेट वाजवला, ठरलेले पैसे मिळाले. गाणं आता सगळीकडे वाजतं. ब्रिटनमध्ये वादकाला पुढेही पैसे मिळतात म्हणे. आपल्याकडे? (वाशी)

ब्रिटनमध्ये रेडिओ, टीव्ही, दुकानं, हॉटेलं यांत ध्वनिमुद्रण वाजलं की पीपीएल ही संस्था पैसे गोळा करते आणि त्यातला वाटा वादकांनाही जातो, नाव नोंदलेलं असेल तर. १ नोव्हेंबर २०१३ पासून तिथे ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वर्षांवरून ७० वर्षांवर गेलं. वाढीव वर्षांतल्या उत्पन्नाचा २० टक्के भाग कंपन्यांनी सेशन वादकांसाठी बाजूला काढायचा असतो, कारण त्यांनी एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडलेले होते.

आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ पासून वादक-गायकांचे हक्क आहेत आणि ते ५० वर्षं टिकतात. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क आला. गायकांसाठी निघालेली इस्रा ही संस्था आता इसाम्रा या नावाने वादकांनाही घेते. भारतातली पीपीएल ही वेगळी संस्था, ती कंपन्यांसाठी आहे; आयपीआरएस संगीतकार-गीतकारांसाठी. तुम्ही केवळ वाजवलं असेल तर तिथे अर्ज करून उपयोग नाही.

हक्क असला तरी पुरावा तुमच्याकडे हवा. शिफ्ट संपल्यावर निघण्याआधी एका कागदावर तारीख, स्टुडिओ, गाण्याचं कामचलाऊ नाव, कोणतं वाद्य, किती थर, आणि प्रोड्यूसरची सही. गाणं बाहेर आलं की त्याचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मागून घ्या, नावं बदलतात पण तो बदलत नाही. श्रेयनामावलीत नाव घालायला आधीच सांगा. चित्रपटात नाव नसलेला किरकोळ सहभाग कायदा फारसा मोजत नाही. दुसरा-तिसरा थर वाजवायचा असेल तर त्याचं मानधन वाजवण्याआधी ठरवा, नंतर तो ‘जरा एकदा अजून’ होतो.

ब्रास वाजवणारा रेकॉर्ड प्रोड्यूसर होतो तो कसा? अभ्यासक्रम करावा का? (नेरुळ)

वाजवणारा, मग लिहिणारा, मग स्टुडिओच्या काचेपलीकडे बसणारा अशीच वाट बहुतेकांची. एडिनबराचे जॉनी कीटिंग टेड हीथच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत होते, तिथेच अरेंजर झाले आणि १९६२ साली ‘झेड-कार्स’ मालिकेचं संगीत त्यांच्या नावाने ब्रिटिश टॉप टेनमध्ये गेलं. आपल्याकडे सॅक्सोफोनचे मनोहारी सिंग आर. डी. बर्मन यांच्याकडे वादक, मग अरेंजर, आणि बासुदेव चक्रवर्तींबरोबर बासु-मनोहारी या नावाने संगीतकारही झाले.

पैसे लावणं हे ब्रिटनमधल्या रेकॉर्ड प्रोड्यूसरचं काम नव्हे. कोणतं गाणं, कोणत्या पट्टीत, कोणते वादक, कोणता टेक ठेवायचा आणि पैसे संपायच्या आत थांबायचं कधी, हे तो ठरवतो. ब्रास सेक्शनमधून आलेल्याला यातलं एक आयतं येतं: किती वेळात काय होईल याचा अंदाज. उणीव असते ती ड्रम, बास आणि आवाजाच्या रेकॉर्डिंगची; अभ्यासक्रम करायचा तर तेवढ्यासाठी करा.

सुरुवात दुसऱ्यांच्या गाण्यांना ब्रास लिहून देण्यापासून करा. चार ओळींचा कागद, प्रत्येक वाद्याच्या स्वतंत्र प्रती, बारचे क्रमांक मोठे. तीन तासांच्या शिफ्टची वाटणी लिहून ठेवा: पहिली २५ मिनिटं माइक आणि लेव्हल, मग सर्वांत अवघड गाणं, मध्ये १५ मिनिटं चहा, शेवटची २० मिनिटं फक्त दुरुस्त्यांना. टेक चालू असताना कागदावर खूण करा, ‘बार १७, दुसरा ट्रम्पेट उशिरा’ अशी. ‘पुन्हा घेऊ, अजून फील पाहिजे’ म्हणणाऱ्या प्रोड्यूसरला सेशन वादक ओळखून असतात. पैशांच्या बाबतीत एक गैरसमज काढून टाका: ब्रिटनच्या पीपीएलमध्ये प्रोड्यूसरला वादकाचा वाटा मिळतो तो केवळ देखरेखीसाठी नव्हे, त्याने त्या ध्वनिमुद्रणात वाजवलेलं किंवा वादकांचं संचालन केलेलं असावं लागतं.

पावसाळ्यात पेटीत राहिलेल्या ट्रम्पेटचा माउथपीस अडकला आहे, दुसरा वॉल्व्हही अडखळतो. पक्कड लावू का? (घोडबंदर रोड)

नाही. पक्कडीने पिळलं की लीडपाइप (माउथपीस बसतो ती नळी) वाकतो किंवा त्याचा डाक सुटतो आणि दुरुस्ती माउथपीसच्या किमतीपलीकडे जाते. माउथपीस पुलर नावाचं साधं स्क्रूचं साधन असतं, दुरुस्तीवाल्याकडे ते काम काही मिनिटांचं. वॉल्व्ह बाहेर काढून कोमट पाण्याने (उकळत्या पाण्याने लॅकर जातो) आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, पुसा, वॉल्व्ह ऑइलचे चार-पाच थेंब घाला. खोबरेल चालत नाही, ते घट्ट होतं. वॉल्व्हवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. आपापल्या जागीच घाला, नाहीतर हवाच जाणार नाही. लीडपाइपवर गुलाबी ठिपके दिसत असतील तर पितळेतलं जस्त झिजून गेलंय. ते घासून जात नाहीत, पाइप बदलावा लागतो. मेरठच्या जाली कोठी भागातल्या कारागिरांकडे सुटे भाग बनवून मिळतात, पण पाठवण्याआधी जुन्या पाइपची लांबी आणि दोन्ही तोंडांचा आतला व्यास कॅलिपरने मोजून कळवा.